पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये मास्टर्स: हातात चार लाख आहेत, काय करता येईल?

रोहित्र

नमस्कार मंडळी. बी.ई. इलेक्ट्रिकल, पुणे विद्यापीठ, सीजीपीए ७.६. सध्या एलटी पॅनलच्या कारखान्यात टेस्टिंगला. ईव्ही चार्जर किंवा सोलर इन्व्हर्टरच्या डिझाइनमध्ये जायचं आहे, म्हणून पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये (वीज एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलणारी सर्किट्स) मास्टर्स करायचा विचार आहे. घरचे आणि साठवलेले मिळून चार लाख उभे राहतात. थोडं कर्ज चालेल, पण राहतं घर तारण ठेवायचं नाही. गेट (एम.टेक. प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) अजून दिलेली नाही, येत्या फेब्रुवारीत देणार आहे.

चार लाखांत चांगलं काय मिळू शकतं? जर्मनीत शिक्षण फुकट म्हणतात, मग लोकांचे पंधरा-वीस लाख नेमके जातात कुठे? आणि कॉलेजच्या वेबसाइटवर सगळंच छान छान असतं, तर दर्जा ओळखायचा कसा?

तीनफेज

आधी पैशाचं बोलू. एम.टेक.चा खर्च नुसत्या फीवर मोजू नका, फी वजा विद्यावेतन असा मोजा. गेट पात्र असाल आणि एआयसीटीई (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था) मान्यता असलेल्या संस्थेत पूर्णवेळ प्रवेश घेतलात, तर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, २४ महिने. एकूण २,९७,६००. आयआयटी-एनआयटीतही आकडा हाच, फक्त पैसे शिक्षण मंत्रालयाकडून संस्थेमार्फत येतात. बदल्यात आठवड्याला साधारण ८ तास पदवीच्या मुलांची प्रॅक्टिकल घेणं, पेपर तपासणं असली कामं करावी लागतात.

एनआयटीचा हिशेब करून पाहा. ट्यूशन फी गेली काही वर्षं सेमिस्टरला ३५ हजार आहे, म्हणजे चार सेमिस्टरचे १ लाख ४० हजार. वसतिगृह, मेस आणि इतर शुल्कं मिळून वर्षाला ७५ हजार धरले तर दोन वर्षांचे दीड लाख. बेरीज २ लाख ९० हजार. विद्यावेतनातच पदवी निघते आणि तुमचे चार लाख जवळपास शाबूत राहतात. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना एनआयटीत ट्यूशन फी माफ असते, त्यांचं गणित याहून सोपं.

मात्र पहिला हप्ता जुलै-ऑगस्टमध्ये हातात पडेल अशा भरवशावर राहू नका. पडताळणी, खातं जोडणं यात काही महिने सहज जातात, मग थकबाकी एकदम जमा होते. सुरुवातीला सव्वा लाख रुपये मोकळे ठेवा.

आता वाटा. तीन आहेत आणि तिन्हींचे अर्ज वेगळे.

आयआयटी: प्रत्येक आयआयटीला स्वतंत्र अर्ज करावा लागतो. कोॲप हे पोर्टल फक्त आलेली ऑफर स्वीकारण्यासाठी आहे, तिथे नोंदणी केली म्हणजे अर्ज झाला असं समजून दरवर्षी कितीतरी मुलं फसतात. गेटचा निकाल मार्चमध्ये लागतो, आयआयटींचे अर्ज त्याच सुमारास उघडतात आणि खिडकी लहान असते. कोॲपवर दर फेरीत तीन पर्याय येतात: स्वीकारून थांबणं, ही राखून पुढच्या फेरीची वाट पाहणं, किंवा नाकारून वाट पाहणं. मुदतीत काहीच निवडलं नाही तर ऑफर गेली. नाकारलेली जागा पुढच्या फेरीत परत येईल अशी आशा धरू नका.

तुमच्या विषयात मुंबईत पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि पॉवर सिस्टिम्स मिळून एक शाखा आहे, तिला ईई३ म्हणतात. दिल्लीला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, मशिन्स आणि ड्राइव्हज, रुरकीला इलेक्ट्रिक ड्राइव्हज आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. मुंबईत टीए (अध्यापन साहाय्यक) आणि आरए (संशोधन साहाय्यक) असे प्रकार आहेत. आरए तीन वर्षांचा असतो आणि प्रयोगशाळेचं काम आठवड्याला २० तास करावं लागतं, पण तिथे स्कोअर थोडा कमी असला तरी मुलाखतीवर घेतात. हार्डवेअरमध्ये जायचं असेल तर आरएचं तिसरं वर्ष वाया गेलं असं समजू नये, उलट त्या वर्षात हात बसतो.

एनआयटी: सीसीएमटी (एनआयटींची एकत्रित प्रवेशप्रक्रिया), एकच अर्ज, पसंतीक्रम हवा तितका लांब. खुल्या वर्गाला पदवीत ६.५ सीजीपीए किंवा ६० टक्के लागतात, तुम्ही त्यात बसता. नागपूरच्या व्हीएनआयटीत पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड ड्राइव्हज आहे, वरंगळलाही त्याच नावाचा अभ्यासक्रम आहे, त्रिची आणि कालिकतला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. नागपूर घराजवळ म्हणून यादीत वर टाकायचं आणि त्रिची खाली, असं करू नका. सीट मिळते ती यादीतल्या क्रमाने, अंतराने नाही.

राज्य: सीईटी कक्षाची कॅप (राज्याची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया). सीओईपी (पुणे) आणि व्हीजेटीआय (मुंबई) इथूनच मिळतात, गेटवाल्यांना आधी जागा दिल्या जातात. सीओईपीला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि मशिन ड्राइव्हज आहे. व्हीजेटीआयचा कल पॉवर सिस्टिम्स आणि कंट्रोलकडे जास्त, तेव्हा तुमच्या कामासाठी सीओईपी आधी.

सबस्टेशन

जर्मनीबद्दल मी लिहितो. "फुकट" हा शब्द ट्यूशन फीपुरता खरा आहे, तोही सगळीकडे नाही. १६ राज्यांपैकी बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला २०१७ च्या हिवाळी सत्रापासून सेमिस्टरला १,५०० युरो लागतात. श्टुटगार्ट, कार्ल्सरूहे तिथेच. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ बव्हेरियात असलं तरी २०२४-२५ पासून त्यांनी मास्टर्सला ४,००० ते ६,००० युरो प्रति सेमिस्टर लावले आहेत. बाकी बहुतेक सरकारी विद्यापीठांत फक्त सेमिस्टरची वर्गणी, १०० ते ४०० युरो, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच बस-रेल्वेचा पास येतो. नॉर्वेबद्दल कुणी जुनी माहिती दिली तर सोडून द्या, २०२३ पासून तिथेही फी आहे.

खरा खर्च राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२. युरो १०० रुपये धरला तर जवळपास १२ लाख, तेही निघण्याआधी. हे पैसे तुमचेच असतात, तिथे गेल्यावर दरमहा परत मिळतात, पण आधी उभे करावे लागतात. दोन वर्षांचे २३,८०८ युरो. आणि १२० क्रेडिटचं मास्टर्स चार सेमिस्टरमध्ये संपवणारे कमी, पाच धरून चला.

विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. महिन्याला ४० तास मिळाले तर ५५६ युरो. भाडं आणि आरोग्य विमा यांत हे संपतात. दुसऱ्या वर्षाचा खर्च बऱ्याच अंशी असा निघू शकतो, पण पहिल्या वर्षाचे १२ लाख तुम्हाला इथूनच न्यावे लागतील. तुमचे चार वजा केले तर आठ लाखांचं कर्ज. सरकारी बँकांच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण मागतात, आणि सातबाऱ्यावरची शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. त्यांना एनए प्लॉट, घर किंवा एफडी लागते. घर तारण ठेवायचं नाही ही तुमची अट आहे, म्हणून कर्ज साडेसातच्या आत बसतं का ते आधी बँकेत बसून ठरवा.

प्रवेशात ७.६ कसे दिसतील ते सांगतो, कारण इथे मुलं विनाकारण घाबरतात. जर्मन श्रेणी १ ते ४, १ सगळ्यात चांगली. सूत्र असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. कमाल १०, किमान ४ धरले तर २.४ भागिले ६ म्हणजे ०.४, गुणिले ३ म्हणजे १.२, अधिक १. तुमची श्रेणी २.२. गुणपत्रिकेवर किमान ५ छापलेले असतील तर तेच ७.६ होतात २.४४. बरेच अभ्यासक्रम २.५ ची रेघ आखतात, त्यामुळे गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेला श्रेणींचा तक्ता स्कॅन करून जोडायला विसरू नका. तो नसला तर तपासणारा स्वतःच्या समजुतीने किमान ठरवतो.

वेळापत्रक उलटं मोजा. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. त्याच्या अर्जाची मुदत काही ठिकाणी मार्चलाच संपते, काही ठिकाणी जुलैपर्यंत जाते. त्याआधी एपीएस प्रमाणपत्र (तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची पडताळणी), शुल्क १८,००० रुपये, हातात यायला आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत. त्याआधी विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा अधिकृत दाखला). म्हणजे ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्येच टाकायचा. युनि-असिस्टमधून (अनेक जर्मन विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणारी सेवा) पाच विद्यापीठांना अर्ज केले तर ७५ अधिक चार वेळा ३०, एकूण १९५ युरो. इंग्रजीतून इलेक्ट्रिकल असलेली आणि फी नसलेली दोन नावं, माग्डेबुर्ग आणि पाडरबोर्न. डाडच्या (परदेशी विद्यार्थ्यांसाठीची जर्मन संस्था) संकेतस्थळावर इंग्रजी, मास्टर्स आणि "फी नाही" हे तीन गाळणे लावले की बाकीची यादी मिळेल.

एक कळकळीचं सांगणं: सल्लागाराने "जर्मनीत नक्की प्रवेश" म्हणत एखाद्या खासगी विद्यापीठाचं पत्र पुढे केलं, आणि वर्षाची फी दहा-बारा हजार युरो असली, तर तिथून उठा. सरकारी विद्यापीठात पाठवून त्यांना कमिशन मिळत नाही.

रोहित्र

फार फार आभार. सूत्र बसवून पाहिलं, गुणपत्रिकेवर किमान ४ च आहे. म्हणजे जर्मनी गुणांमुळे अडत नाही, पैशामुळे अडते. तर आता गेटवर जोर लावतो. पण सीओईपी, व्हीएनआयटी किंवा एखादं खासगी स्वायत्त कॉलेज, यांत दर्जा कसा जोखू? एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकन पाहावं का?

अर्थिंग

एनबीए असावं, पण त्यावरून पदवीचं शिकवणं नीट चालतं एवढंच कळतं. मास्टर्सचा निम्मा काळ प्रकल्पात जातो, म्हणून प्रयोगशाळा आणि गाइड पाहा.

सगळ्यात खात्रीची खूण ग्रंथालयात मिळते. त्या विभागाचे मागच्या दोन-तीन वर्षांचे पाच-सहा प्रबंध मागा आणि थेट निकालांच्या प्रकरणावर जा. तिथे ऑसिलोस्कोपच्या पडद्याचे फोटो आहेत की नुसते सिम्युलिंकचे (संगणकावरच्या सिम्युलेशनचे) आलेख? फोटो असले तर त्यावरचं स्केल वाचा. शीर्षकात ३ किलोवॅटचा कन्व्हर्टर, ४०० व्होल्टची बस (आतली डीसी वाहिनी), आणि फोटोत ३० व्होल्ट, अर्धा अँपिअर, असं सर्रास दिसतं. ३० व्होल्टवर कुठलाही गेट ड्रायव्हर (स्विच चालू-बंद करणारं सर्किट) चालतो. ४०० व्होल्टवर गेल्यावर डीव्ही/डीटीमुळे (व्होल्टेज झपाट्याने बदलल्यामुळे) खोटं टर्न-ऑन होतं, म्हणजे बंद स्विच आपोआप चालू होतो, स्नबर (व्होल्टेजचे झटके शोषणारं सर्किट) तापतो, लेआउटमधला इंडक्टन्स मॉसफेट (हा इलेक्ट्रॉनिक स्विच) उडवतो. या गोष्टी जिथे कुणी अनुभवल्याच नाहीत, तिथे चार्जर डिझाइन शिकवणार कोण?

मग प्रयोगशाळेत जा. कॉलेजच्या माहिती दिवशी किंवा ओळखीने आत जाता येतं. ऑसिलोस्कोपचा प्लग पाहा. अर्थची पिन तोडलेली किंवा टेप लावून झाकलेली असेल तर समजा तिथे डिफरेन्शियल प्रोब (अर्थशी न जोडता दोन बिंदूंमधला व्होल्टेज मोजणारे) नाहीत. वरच्या स्विचचा गेट-सोर्स व्होल्टेज साध्या प्रोबने पाहायला गेलं की प्रोबची क्लिप अर्थशी जोडलेली असल्यामुळे शॉर्ट होतो, मग कुणीतरी शॉर्टकट म्हणून अर्थच काढून टाकतं. त्यानंतर ऑसिलोस्कोपची पूर्ण धातूची चेसिस ४०० व्होल्टवर तरंगत असते. हे जिवावरचं काम आहे आणि जिथे ते चालवून घेतात तिथे मोजमापाची शिस्तही नसते.

ऑसिलोस्कोपची बँडविड्थ विचारा. सिलिकॉन कार्बाइड मॉसफेट २० नॅनोसेकंदांत चढतो. ०.३५ भागिले २० नॅनोसेकंद म्हणजे १७.५ मेगाहर्ट्झ, आणि नीट दिसायला त्याच्या पाचपट, म्हणजे किमान १०० मेगाहर्ट्झचा स्कोप हवा. २० मेगाहर्ट्झच्या जुन्या सीआरओचा स्वतःचाच चढण्याचा वेळ १७.५ नॅनोसेकंद असतो. त्यावर २० चे साडेसव्वीस दिसतात आणि रिंगिंग (स्विच होताना उठणारी दोलनं) तर दिसतच नाही. मुलगा प्रबंधात लिहितो, रिंगिंग नाही!

टेबलावर आणखी काय असावं: प्रोग्रामेबल डीसी सोर्स, इलेक्ट्रॉनिक लोड, करंट प्रोब, टीआयचे सी२००० बोर्ड, शक्य असेल तर ओपल-आरटी किंवा टायफूनसारखा रिअल-टाइम सिम्युलेटर. महाग यंत्र काचेच्या कपाटात कुलूपबंद असेल तर ते नसल्यातच जमा. यंत्रांजवळ लॉगबुक असतं, त्यातली शेवटची नोंद कधीची आहे ते बघून घ्या.

प्रवेशाचा आकडाही विचारा. १८ जागा आणि भरल्या ५, असं असेल तर ऐच्छिक विषय एकच चालवतात, आणि तो गाइडच्या सोयीचा असतो. तुम्हाला मॅग्नेटिक्स डिझाइन हवं असतं आणि मिळतं एनर्जी ऑडिट.

खासगी स्वायत्त कॉलेजमध्ये फी जास्त असली तरी गेट असेल तर विद्यावेतन मिळतं. तरीही सीओईपी किंवा व्हीएनआयटी मिळत असताना खासगीकडे जायचं कारण मला दिसत नाही.

भारनियमन

नोकरी न सोडता करायचं झालं तर: कोलोरॅडो विद्यापीठाचं बोल्डर कॅम्पसचं इलेक्ट्रिकल मास्टर्स कोर्सेरावर पूर्ण ऑनलाइन आहे, ३० क्रेडिट, सगळं मिळून २० हजार डॉलरच्या आसपास. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे विषय त्यांचे खरोखर उत्तम आहेत. प्रवेशाला गुणपत्रिका लागत नाहीत, ठरावीक विषय चांगल्या गुणांनी पूर्ण केले की आत. पण चार लाखांच्या मानाने हे चौपटीहून जास्त, आणि इथे प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरीसाठी परदेशी ऑनलाइन पदवी चालेल असं गृहीत धरू नये. समकक्षतेचा नियम आधी तपासा. त्यापेक्षा एनपीटेलवर (आयआयटींचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ) पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे अभ्यासक्रम आत्ताच फुकट बघायला घ्या, परीक्षा द्यायची असेल तर विषयाला हजार रुपये. गेटलाही उपयोग होईल.

इटलीचाही विचार करा. मिलान आणि तोरिनोच्या पॉलिटेक्निकमध्ये फी घरच्या उत्पन्नावर ठरते आणि प्रादेशिक शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ होऊन वर रोख रक्कमही येते. त्यासाठी उत्पन्न, मालमत्ता आणि कुटुंबाचा दाखला, ॲपॉस्टिल आणि इटालियन भाषांतरासह लागतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, ही प्रक्रिया महिना-दीड महिना खाते. शिष्यवृत्तीची यादी मात्र तिथे पोचल्यावर लागते, त्यामुळे व्हिसासाठी पैसे दाखवावेच लागतात.

तीनफेज

विद्यावेतनात अडतं कुठे ते सांगायचं राहिलं. खातं आधारशी नुसतं लिंक असून पुरत नाही, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडेड हवं. बँकेत जाऊन "एनपीसीआय मॅपिंग" झालंय का असं विचारा, दोन खाती असतील तर पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात. गुणपत्रिका, आधार आणि गेट स्कोअरकार्ड या तिन्हींवर नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. एकावर वडिलांचं नाव मध्ये आणि दुसऱ्यावर नाही, यावरून अर्ज परत येतात. ओबीसी असाल तर नॉन-क्रीमी लेअर ताजं हवं. आणि अर्ज भरून उपयोग नाही, संस्थेने पोर्टलवर पडताळणी केली तरच पुढे सरकतो, म्हणून विभागाच्या लिपिकाला मुदतीच्या आठवडाभर आधी भेटा.

महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्यांकडेही लक्ष जाईल. एआयसीटीईचं विद्यावेतन घेताना दुसरी शिष्यवृत्ती किंवा पगार घेता येत नाही. दोन्हीकडे अर्ज करून ठेवला आणि दोन्ही मंजूर झाले तर वसुली लागते. कारखान्याचा राजीनामा आणि रिलिव्हिंग लेटर प्रवेशाच्या तारखेच्या आधीचं असू द्या.

रोहित्र

शेवटचा प्रश्न. नोकरी सांभाळून रोज तीन तास मिळतात. गेटच्या पेपरमध्ये कुठे जोर देऊ?

तीनफेज

६५ प्रश्न, १०० गुण, ३ तास. १५ गुण अॅप्टिट्यूडचे, १३ च्या आसपास गणिताचे. हे २८ गुण इलेक्ट्रिकलचं एक पानही न उघडता मिळणारे आहेत, म्हणून पहिले पाच आठवडे गणित: लिनिअर अल्जिब्रा, डिफरेन्शियल समीकरणं, संभाव्यता, कॉम्प्लेक्स चल. मग सर्किट्स आणि सिग्नल्स एकत्र, कारण कंट्रोल आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही त्यावर उभे आहेत. मशिन्स आणि पॉवर सिस्टिम्स त्यानंतर. इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड्सला वेळ शिल्लक राहिला तर.

एका गुणाच्या पर्यायी प्रश्नाला चुकलं की एक तृतीयांश जातो, दोन गुणांच्याला दोन तृतीयांश. आकडा भरायच्या आणि एकाहून जास्त उत्तरांच्या प्रश्नांना वजावट नाही, ते एकही कोरे सोडायचे नाहीत. हातातला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचा माउसने चालवावा लागतो. पॉवर सिस्टिमच्या कॉम्प्लेक्स आकडेमोडीत तो फार वेळ खातो, तेव्हा पहिल्या दिवसापासून सराव त्याच्यावरच करा. फॉर्म ऑगस्टच्या अखेरीला उघडतो, परीक्षा केंद्राची पसंती देताना पहिल्या दिवशीच भरा.